पत्र्याचं नख

सरांच्या घरातल्या शोधाचा व्हिडिओ मी पेटंटचा अर्ज जायच्या आधी जगजाहीर केला. माझी चूक एवढीच.

पेटंटचा कायदा ज्यांना ठाऊक आहे ते इथंच कपाळाला हात लावतील. मला तो ठाऊक नव्हता असं म्हणायचीही सोय नाही, कारण सरांनी तो मला चहाबरोबर रोज पाजला होता.

"हे बघ पब्लिसिटी," सर बशीत चहा ओतत म्हणायचे, "लपवणाऱ्याला पेटंट न्हाई, सांगणाऱ्याला हाये. आपलं डोकं सरकारपुढं पार उघडं करायचं. कसं केलं, कशासाठी केलं, सगळं. मंग सरकार म्हणतं, ठीक हाये, वीस वर्षं याला कुणी हात लावायचा न्हाई. पण आधी सरकारला सांगायचं, मंग गल्लीला. उलटं केलं की खेळ खलास. गल्लीला कळलेली गोष्ट सरकारला नवी वाटत न्हाई. आलं ध्यानात?"

मी मान हलवायचो. माझी मान त्या काळी फार छान हलायची. आत काही पोचायचं की नाही, हा प्रश्न वेगळा.

सर माझे घरमालक. जुन्या जालन्यातल्या एका बोळात त्यांचं घर. वरच्या खोलीत मी, खाली ते आणि काकू. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मी एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत होतो. पिशवीवर छापायचा मजकूर लिहायचा, शेतकऱ्यांना वाटायची पत्रकं लिहायची, 'टपोरं बोंड, भरघोस उत्पन्न' असलं काहीबाही. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, काम काय करतोस? मी ऐटीत म्हणालो, पब्लिसिटी. झालं माझं बारसं. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं का, याची मला आजही शंका आहे. काकू मला भाऊ म्हणायच्या. काकूंना सर 'ऐकलं का' म्हणायचे. त्या घरात कुणालाच नावानं हाक मारायची पद्धत नव्हती.

खाली स्कूटर ठेवायला बांधलेल्या खोलीत सरांचा कारखाना. स्कूटर बाहेर उन्हात उभी असायची आणि आत सावलीत सायकलींचे सांगाडे, लाउडस्पीकरांची पोटं, पत्र्याचे तुकडे नि मधोमध टेबलाला पक्का बसवलेला, वस्तू जबड्यात आवळून धरणारा लोखंडी वाईस. दाराला काकूंच्या जुन्या लुगड्याचा पडदा. नवी वस्तू दाखवायची असली की सर आधी खिडकी लावत, मग दार लावत, मग पडदा ओढत. मग काहीच दिसेनासं झालं म्हणून दिवा लावत. मग माझा उजवा हात त्या गार वाईसवर ठेवायला लावत आणि म्हणत, "विद्येची आण घे. भायेर बोलणार न्हाई."

"अहो, त्याला पाणी तरी पिऊ द्या," दारापलीकडून काकूंचा आवाज यायचा. "आण काय, जेवल्यावरबी घेता येती."

आण घेऊन पाहायच्या त्या वस्तू कसल्या? एक नळाची घंटा होती. जालन्यात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही माहीत नसतं. सरांनी नळाच्या तोंडाशी पत्र्याची पाकळी बसवली, पाकळीला तार, तारेच्या टोकाला सायकलची घंटा. पाणी आलं की पाकळी उडणार, घंटा वाजणार, बोळ हंडे घेऊन धावणार. कल्पनेत खोट नव्हती. खोट नळात होती. आमच्या नळाला पाण्याआधी हवा येते, आणि पुष्कळदा हवाच येते. पहिल्यांदा घंटा वाजली तेव्हा मी वर शेवटच्या तांब्याच्या भरवशावर अंगभर साबण लावून बसलो होतो. म्हटलं, आता कशाला कंजूषपणा, आणि तो तांब्या नुसत्या तोंडावर ओतून टाकला. टॉवेल गुंडाळून बादली घेऊन खाली पळालो. बोळातल्या सगळ्या बाया हंडे घेऊन हजर. नळ म्हणाला, फुस्स. साबण माझ्या अंगावर तसाच वाळला आणि मी पुढं किती दिवस पापडासारखा कडकडत कामावर जात होतो ते विचारू नका.

दुसरी चुंबकाची सायकल. ही मात्र खरोखर चालायची. एमआयडीसीच्या रस्त्यावर लोखंडाचा चुरा नि खिळे इतके, की टायर टिकत नाही. सरांनी स्पीकरातली चुंबकं काढून एका पट्टीवर बसवली आणि ती पट्टी पुढच्या चाकाच्या पुढ्यात टांगली. संध्याकाळपर्यंत पट्टीला लोखंडाची दाढी यायची. सर ती दाढी जुन्या कंगव्यानं हळूहळू विंचरून काढायचे, लेकराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं. मी एकदा ती सायकल मागून नेली आणि हौसेनं कंपनीच्या लोखंडी फाटकाला टेकवून लावली. पुढचं सांगत नाही. मी सायकल ओढतोय, वॉचमन मला ओढतोय, आणि फाटकाबाहेर मालकांची गाडी हॉर्न वाजवतेय, एवढं चित्र डोळ्यांपुढं आणलं तरी पुरे.

तिसरी छत्री. तिच्या कडेनं पन्हळ, पन्हळीतून नळी, नळी दांड्यातून खाली बाटलीत. या शोधात एकच अडचण होती. त्याला पाऊस लागायचा.

संभाजीनगरला पेटंटची कामं करणारी एक तरुण वकीलबाई होती. सर दर नव्या वस्तूनिशी एसटीनं तिच्याकडं जायचे आणि ती दर वेळी कॉम्प्युटरवर शोधून म्हणायची, "सर, हे आधीच कुणीतरी केलंय हो." चुंबकाची पट्टी कुण्या अमेरिकनानं केलेली, छत्री कुण्या जपान्यानं. दुसरा कुणी असता तर खचला असता. सर खुशीत परत यायचे. "डोकं बराबर गाडीत बसलं होतं रे," ते म्हणायचे. "गाडी जरा लेट झाली."

"गाडीत बसायच्या आधी जिरं आणायला सांगितलं होतं," काकू म्हणायच्या. "का तेबी जपान्यानं नेलं?"

काकूंना या कारखान्याचा राग नव्हता, पण आदरही नव्हता. वडीगोद्रीकडं त्यांची थोडी जमीन होती आणि ती जमीन काकूच बघायच्या. तिथं कपाशीचा सीड प्लॉट असायचा. सरकीचं संकरित बी शेतात कसं बनतं हे पिशवीवर लिहिणाऱ्या मलाही तिथं जाऊन पाहीपर्यंत माहीत नव्हतं. दुपारनंतर बाया ओळीनं फिरतात. उद्या उमलणार ती कळी हेरतात, अंगठ्याच्या नखानं तिची पाकळी नि आतला परागाचा नरभाग गोल सोलून काढतात. आतल्या कोवळ्या बोंडाला मात्र ओरखडा येऊ द्यायचा नाही. सकाळी येऊन दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग त्या कळीला लावायचे. एक कळी झाली की पुढची, एक झाड झालं की पुढचं. हंगाम संपेतोवर बायांचे अंगठे काळे पडतात नि नखं फाटतात.

एका हंगामात काकूंच्या उजव्या अंगठ्याचं नख मुळापासून फाटलं. कळी काही उद्यावर थांबत नाही. काकूंनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला आणि अंगठ्याला टोपीसारखा गुंडाळला. आतून बोचतो म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. ते रबर अर्थात कारखान्यातून चोरलेलं. पण पत्रा खोल जायचा नि बोंड कापलं जायचं. मग त्यांनी पत्र्याची कड जराशी मागं दुमडली. आता पातं दुमडीपर्यंतच आत जायचं, त्याच्यापुढं नाही. बस. अंगठाही वाचला, बोंडही वाचलं. सरांनी ते पाहिलं, कानस मारून साफसूफ केलं, शेजारच्या बायांसाठी आणखी थोडी करून दिली आणि नमुना खिडकीत ठेवला, तंबाखूच्या डबीशेजारी. खिडकी उघडीच. पडदा नाही, आण नाही.

"सर, याचं पेटंट?" मी विचारलंही होतं. एवढी अक्कल मला होती.

"ह्याचं?" सर हसले. "अरे, हा तर हिचा घरगुती उद्योग."

तेव्हा माझं एक चॅनेल होतं. कंपनीच्या कामातून वेळ उरायचा, तो मी फोनवर व्हिडिओ बनवण्यात घालवायचो. बघणारे म्हणजे माझा मेहुणा आणि चुकून येऊन पडलेले लोक. एका रविवारी सरांबरोबर शेतावर गेलो आणि म्हटलं, सर, चला, या नखाचा व्हिडिओ काढू. सरांनी बाटलीतल्या पाण्यानं केस चापूनचोपून बसवले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि प्लॉटच्या कडेला उभं राहून, पोरांना घन नि शंकू शिकवत त्याच आवाजात, सगळं समजावून सांगितलं. पत्रा असा, रबर असं, दुमड इथं नि ती कशासाठी. "हे आपण बनवलेलं हाये," असंही म्हणाले. 'आपण' म्हणाले. मागं ओळीत काकू नि त्यांच्या शेजारची गयाबाई कळ्या सोलत होत्या. मध्येच काकूंनी मान वर करून फोनकडं पाहिलं, गयाबाईला काहीतरी म्हणाल्या, हसल्या, नि ओळीनं पुढं चालत गेल्या.

वारा फार होता. घरी येऊन मी मूळ आवाज काढून त्यावर ढोल-ताशा चढवला, सरांचं बोलणं खाली अक्षरांत टाकलं, 'सरांचं भन्नाट जुगाड, एकदा बघाच!' असं नाव दिलं नि टाकून मोकळा झालो. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ व्हिडिओ पुसला. आठवड्यात मी तो विसरलो. सरही विसरले.

पुढच्या वर्षी काकू गेल्या. ताप आला. जालन्यात दाखवलं, तिथून संभाजीनगरला नेलं, तिथून परत आणलं.

त्यानंतर कारखान्याचा पडदा कुणी ओढला नाही. खिडकी उघडी, दार उघडं, बोळातली मांजरं वाईसवर झोपायची. नळाला हवा आली तरी घंटा वाजायची नाही, सरांनी ती काढून ठेवली होती. मी काही विचारलं तर "हं" म्हणायचे. चुंबकाच्या पट्टीला दाढी तशीच वाढलेली, गंज चढलेली.

आणि एक दिवस सरांची हाक आली, "पब्लिसिटी, खाली ये."

मी गेलो. सरांनी खिडकी लावली. दार लावलं. पडदा ओढला. दिवा लावला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं, माणूस रुळावर आला. वाईसच्या जबड्यात काकूंचं ते पत्र्याचं नख होतं.

"हात ठेव. आण घे."

"सर, हे तर..."

"आण घे म्हणतो न."

मी वाईसवर हात ठेवला आणि विद्येची आण घेऊन सांगितलं की यातलं अक्षरही बाहेर बोलणार नाही. व्हिडिओ तेव्हा वर्षाहून जुना झाला होता. तो मला आठवलाही नाही. असा मी.

"घरात एवढं सामान," सर म्हणाले, "आन् नवं म्हणावं असं एकच निघालं. तेबी माझं न्हाई."

संभाजीनगरला मी बरोबर गेलो. वकीलबाईंनी पुष्कळ शोधलं. मग म्हणाल्या, "सर, अगदी असं मला तरी कुठं दिसत नाही." सर म्हणाले, "पुन्हा म्हणा." त्यांनी पुन्हा म्हटलं. अर्ज भरताना त्यांनी विचारलं, शोध लावणाऱ्याचं नाव तुमचंच ना?

"न्हाई," सर म्हणाले. "सुभद्रा."

मी वळून पाहिलं. इतक्या वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. सरांनी घाबरत विचारलं, गेलेल्या माणसाचं नाव चालतं का? बाई म्हणाल्या, चालतं. अर्ज वारस म्हणून तुम्ही करायचा, पण शोध कुणी लावला ते माणूस गेल्यानं बदलत नाही.

परतीच्या एसटीत सर खिडकीबाहेर बघत दोनतीनदा पुटपुटले, सुभद्रा, सुभद्रा. नवी वहाण घालून चालून बघावी तसं.

"मला त्यातनं काही कमवायचं न्हाई," ते म्हणाले. "कुणीबी बनवा, कुणीबी विका. फक्त सरकारनं मोहर मारून एकदा लिहून द्यावं, की हे हिनं केलं. त्या घरात सगळं माझं-माझं म्हणून मी नाचलो रे. आन् हिच्या नावचं काय हाये? रेशन कार्डात दुसरा नंबर."

घरी गेल्यावर त्यांनी काकूंच्या फोटोशेजारी भिंतीवर एक खिळा ठोकला. पेटंटचा कागद आला की चौकटीत घालून टांगायचा म्हणून. कागद यायला वेळ होता. खिळा मात्र त्याच दिवशी तयार झाला.

मग पेटंट ऑफिसातून परीक्षकाचे आक्षेप आले. बाईंनी आम्हाला बोलावलं. त्या गंभीर होत्या. आधी कुठंकुठं अशी वस्तू प्रसिद्ध झाली त्याची नोंद आक्षेपांत असते. वर एका जपानी माणसाचं कसलंसं फळं सोलायचं यंत्र होतं, पण ते आपल्याला फारसं आड येत नाही, असं बाई म्हणाल्या. आड येत होतं ते खालचं. इंग्रजी मजकुराच्या गर्दीत देवनागरीत लिहिलेलं होतं, 'सरांचं भन्नाट जुगाड, एकदा बघाच!'

जन्मात पहिल्यांदा माझा व्हिडिओ कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत, मन लावून, टिपणं काढत पाहिला होता. तो माणूस पेटंट ऑफिसातला निघाला.

बाईंनी व्हिडिओ लावला. ढोल-ताशा सुरू झाला. मी खुर्चीत जेवढं आत जाता येईल तेवढं गेलो. पडद्यावर सर केस चापून सांगत होते, पत्रा असा, रबर असं, दुमड इथं. काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नव्हतं. आणि शेजारी बसलेले सर पुढं झुकले होते. मला वाटलं, आता चिडतील.

"थांबवा," ते म्हणाले. "जरा मागं घ्या."

मागं घेतलं. काकूंनी मान वर केली, गयाबाईला काही म्हणाल्या, हसल्या, पुढं चालत गेल्या.

"पुन्हा."

पुन्हा.

"हिचा फोटो हाये माझ्याकडं," सर बाईंना म्हणाले. "पण ह्यात ती चालती हाये."

मी घाईघाईनं म्हणालो, "आत्ता काढून टाकतो, सर. आत्ताच्या आत्ता." बाई म्हणाल्या, त्यानं काही होणार नाही, एकदा प्रसिद्ध झालं ते झालं. आणि सरांनी माझ्या फोनवर हात ठेवला. "बिलकुल हात लावू नको त्याला."

बाईंनी कायद्याचं पुस्तक उघडलं. मग म्हणाल्या, कायद्यात एक फट आहे. वस्तू मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणी प्रसिद्ध केली असेल, आणि मालकानं मग शक्य तितक्या लवकर अर्ज केला असेल, तर ती प्रसिद्धी धरू नका, असं मांडता येतं. नक्की काही सांगता येत नाही, आपला अर्ज उशिराचा आहे, पण त्या वर्षात घरात काय घडलं तेही मांडू. व्हिडिओ मात्र यांनी तुम्हाला न विचारता टाकला, असं शपथेवर लिहून द्यावं लागेल. उत्तराला अजून मुदत आहे.

मी उडालोच. म्हटलं, लिहा! 'सदर भाडेकरूने विश्वासघात करून, मालकाच्या नकळत,' असं लिहा. चोर लिहा, भामटा लिहा. मी खाली सही करतो. पत्रकं लिहिण्यात हयात गेली माझी, मजकूरही मीच देतो.

सर हसले. काकू गेल्यावर पहिल्यांदा. "भाडेकरू चोर हाये म्हणून लिहून दिलं, तर मंग घर खाली करायला लागंल तुला."

"करतो की!"

"बस खाली." मग ते बाईंकडं वळले. "मॅडम, केस मीच चापले होते. बटण मीच लावलं. आन् ती तर बघा, हसलीय त्यात. संमती नसताना कुणी असं हसतं का?"

बाई म्हणाल्या, "सर, विचार करा. घाई नाही."

त्यानंतर सर रोज संध्याकाळी वर माझ्या खोलीत यायचे. त्यांच्या फोनवर मी व्हिडिओ घालून दिला होता, तरी यायचे. "काय म्हणाली असंल रे ती?" ढोल-ताशाखाली काकूंचे ओठ तेवढे हलायचे. तो ढोल मी कुणाकुणाकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्याच्याखाली काही उरलंच नव्हतं. मूळ व्हिडिओ मीच पुसला होता. फोनमध्ये जागा नव्हती ना.

"ऊन फार हाये, असं म्हणाल्या असतील," मी म्हणायचो.

सर आरशापुढं उभे राहून स्वतःशी म्हणून बघायचे, ऊन फार हाये. "न्हाई. ऊन म्हणताना ओठांचा चंबू होतो. हिचा तसा न्हाई." चित्रकलेचे मास्तर ते. त्यांनी कारखान्याच्या भिंतीवर खडूनं काकूंच्या ओठांची चित्रं काढली, व्हिडिओ पुढं-मागं करून, एकाशेजारी एक. उघडे, मिटलेले, जरासे वाकडे. पडदा सारून कुणी आत डोकावलं तर दचकायचं. भिंतभर एकच बाई काहीतरी सांगतेय आणि कुणालाच ऐकू येत नाही.

मग एका दिवसापासून सर विचारायचे थांबले. भिंत पुसली नाही, पण विचारायचेही नाहीत. मी म्हटलं, थकले. तेव्हा दसरा होऊन गेला होता.

सरांनी उत्तर न देताच मुदत संपली, त्याच सुमाराला मी त्यांच्याबरोबर वडीगोद्रीला निघालो होतो. हायवेला लागून एक औषधं-बियाण्यांचं दुकान आहे. तिथं दाराशी काकूंच्या नखासारखीच प्लास्टिकची नखं पुडक्यानं टांगलेली. माझ्या व्हिडिओवरून कुणी बनवली, की आणखी कुठून आली, देव जाणे. सरांनी एक नख घेतलं, अंगठ्यात घालून बघितलं आणि लालबुंद झाले.

"दुमड उलटी केलीय गाढवांनी! बोंड कापलं जाईल ह्यानं!"

दुकानदार गडबडला. सरांनी त्याच्या काउंटरवरची पुठ्ठ्याचं खोकं ओढलं, पेन मागितलं आणि खोक्यावर मोठं चित्र काढून दुमड कुठं, किती, कशी, हे त्याला समजावलं. बनवणाऱ्याला जल्दी कळव म्हणाले. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही कंपनीचे हाये का?"

"न्हाई," सर म्हणाले. "मी मालकीणबाईचा माणूस."

त्या उन्हाळ्यात सर गेले. कारखान्यातच, खुर्चीत बसल्याजागी. बाहेरगावचे नातेवाईक आले, दिवसकार्य झालं. सरांचा फोटो कुठं लावायचा असा प्रश्न आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, इथं काकूंच्या शेजारी खिळा तयारच आहे की. सरांनी ज्या खिळ्यावर काकूंचं नाव टांगायचं ठरवलं होतं, त्यावर त्यांनाच टांगलं. मी काही बोललो नाही. मला कधी बोलायचं नि कधी नाही हे उशिरा कळायला लागलंय.

परवा हंगामात शेतावर गेलो होतो. जमीन आता गयाबाईचा मुलगा कसतो. गयाबाई ओळीत होती. तिच्या अंगठ्यात सरांच्या हातचं जुनं पत्र्याचं नख, दुमडीवर घासून घासून चकचकीत झालेलं. ते बघून माझा हात आपोआप खिशात गेला नि फोन बाहेर आला. सवय.

"ठेव तो आत," गयाबाई म्हणाली.

मी ठेवला. जरा वेळ तिच्याबरोबर ओळीनं चाललो. मग विचारलं, "गयाबाई, त्या दिवशी मी इथं व्हिडिओ काढला, तेव्हा काकू तुम्हाला काहीतरी बोलल्या होत्या. आठवतं का?"

"आता तूबी इचारतो का?" ती कळी सोलत म्हणाली. "सर दसऱ्याला आल्ते तेच इचारायला. सांगितलं की मी त्यान्ला."

दसऱ्याला. उत्तराची मुदत तेव्हा संपलेली नव्हती.

"मला नाही सांगितलं त्यांनी," मी म्हणालो.

"कसं सांगतील? मलाच म्हणले, गयाबाई, त्याला कळू देऊ नको, सही करायला वकिलीणबाईकडं पळंल, लई जीव लावून राह्यलाय पोरगं."

"आता सांगा."

गयाबाईनं सोललेली पाकळी खाली टाकली, माझ्याकडं नीट पाहिलं आणि हसली. हुबेहूब व्हिडिओतल्यासारखी.

"सुभद्राबाई म्हणली, गया, सरान्ला कुणीतरी सांगा गं, ह्या फोनवाल्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. आज नख दाखवलं, उद्या गावभर करतंय बघ येडं."